मुनग्याचा डब्लिनमधला भाव

नवीन वस्तू घेतल्याचा आनंद तिच्यावरचा पुठ्ठा फाडायच्या आत संपवून दाखवणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच आहे, आणि दैवाने त्याला आमच्या समोरच्याच घरात राहायला दिलं आहे. रायपूरच्या चौबे कॉलोनीत आम्ही बिऱ्हाड हलवलं तेव्हा टेम्पोतून आधी फ्रिज उतरला आणि मागून मी. फ्रिजचे पाय जमिनीला टेकतात न टेकतात तोच समोरच्या फाटकातून एक सत्तरीचे, तुडतुडीत गृहस्थ पाण्याचा तांब्या घेऊन रस्ता ओलांडून आले. मी बायकोला म्हटलं, बघ, याला म्हणतात शेजारधर्म! त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला, फ्रिजला एक प्रदक्षिणा घातली, दार उघडून आत डोकावून पाहिलं, आणि नाव, गाव, नोकरी यांतलं काहीएक न विचारता म्हणाले, "कितीले पडला?" मी आकडा सांगितला. त्यांनी डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवलं आणि निकाल दिला, "दुबईत याच्या पाऊण भावात भेटला असता. लुटलं तुमाले. पण डब्लिनमध्ये घेतला असता ना भाऊ, तर तुमी मेलेच असते." मी सांगलीकडचा माणूस, बदली होऊन नव्या रायपूरच्या एका कार्यालयात आलेला. डब्लिन आयर्लंडमध्ये आहे हेसुद्धा मला तेव्हा धड ठाऊक नव्हतं. पण तिथं फ्रिज घेताना आपण मेलो असतो आणि इथं घेतल्यामुळे वाचलो, हे ऐकून उगीचच बरं वाटलं. तो तांब्या अजून आमच्याकडेच आहे. परत द्यायला गेलो की काका त्याची किंमत सांगायला लागतात आणि न्यायचा विषय राहून जातो.

काका मूळचे गोंदियाकडचे, आणि सबंध नोकरी रेल्वेच्या भांडार विभागात. तिथला नियम असा, की खिळा घ्यायचा असो नाहीतर गोदामाचं छप्पर, तीन ठिकाणची कोटेशनं आल्याशिवाय कागद पुढे सरकायचा नाही. काका निवृत्त झाले, नियम काही निवृत्त झाला नाही. उलट रेल्वेत असताना बिलासपूर, नागपूर आणि रायपूरवर भागायचं, ते आता पार समुद्रापलीकडे गेलं. पहिलं कोटेशन आपल्या गावचं, दुसरं दुबईचं, कारण कोपऱ्यावरच्या बँकवाल्या साहेबांचा मुलगा दुबईत आहे, आणि तिसरं, सर्वांत वजनदार, डब्लिनचं. कारण डब्लिनमध्ये काकांची एकुलती एक लेक आहे, एका मोठ्या औषधाच्या प्रयोगशाळेत. तिसरं कोटेशन आल्याशिवाय काकांच्या घरात साधी सांडशी येत नाही. आयुष्यात एकदाच आपण एका कोटेशनवर काम उरकलं, असं ते काकूंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगतात, आणि काकू आतून ओरडतात, "मले तं तेही आलं नव्हतं, बापानं सरळ ऑर्डरच देऊन टाकली!"

हळूहळू कॉलोनीत एक पद्धतच पडून गेली. कुणीही काहीही घेतलं, तरी ते घरात जायच्या आधी काकांच्या ओसरीवर यायचं. नवी स्कूटर आणली की लोक आधी काकांना दाखवत आणि मग हळदकुंकू लावून नारळ फोडत. काका न बघता नारळ फोडला तर स्कूटरला लाभत नाही, अशीही बोलवा होती. साड्या, कुकर, गाद्या, चष्मे, एकदा तर कुणीतरी नवी कवळी घालून आलं होतं. काकांनी त्यांना हसायला लावलं, सगळे दात नीट पाहिले आणि म्हणाले, "डब्लिनमध्ये या पैशात खालचेच आले असते." तो माणूस दिवसभर दोन्ही जबडे दाखवत हिंडला. काकांची खुबी ही, की दुबईचा भाव सांगून ते तुमचं पार भरीत करतात, आणि मग डब्लिनचा सांगून तुम्हाला उचलून गादीवर बसवतात. डब्लिनमध्ये सगळंच जिवापलीकडे महाग असतं. निदान काकांच्या डब्लिनमध्ये तरी.

या डब्लिनच्या भावाने काकांच्या डोक्यात जे काही घर केलं त्याला तोड नाही. तिकडे केस कापायला किती पडतात हे लेकीने एकदा सांगितलं आणि काका हादरले. मग त्यांना सुचलं की इथं आपण जितक्या वेळा केस कापू तितक्या वेळा मधला फरक आपल्या खिशात राहतो! तेव्हापासून ते दर आठवड्याला न्हाव्याकडे जातात. डोक्यावर कापण्यासारखं म्हणाल तर कानामागे चार केस. न्हावी बिचारा हवेतच कात्री चालवतो, आणि काका आरशात बघत समाधानाने म्हणतात, "आज पुन्हा अडीच हजार वाचले." हाच नेम चौकातल्या समोशाचा. एक समोसा खाल्ला की चारशे वाचतात, म्हणून ते दोन खातात. एकदा काकू न राहवून म्हणाल्या, "इतके वाचून राहिले तं ठेवता कोठं? एखांदी पाटली तरी करा मले." काका विचारात पडले आणि विचार करायला तिसरा समोसा खायला गेले.

पण काकांचं खरं दैवत म्हणजे त्यांच्या अंगणातला मुनगा. मुनगा म्हणजे आपला शेवगा, इकडे त्याला मुनगाच म्हणतात. इथं तो कुणीही लावतो, शेंगा गल्लीभर वाटतो आणि कुणी त्याचं अप्रूप मानत नाही. पण डब्लिनमधल्या देशी दुकानात मुनग्याच्या तीन शेंगा प्लास्टिकमध्ये गुंडाळून पाचशे रुपयांना मिळतात, असं लेकीने फोनवर सांगितलं, आणि त्या दिवसापासून काका त्या झाडाकडे मालमत्ता म्हणून बघायला लागले. सकाळी ते खाली उभे राहून शेंगा मोजायचे आणि सुस्कारा टाकून म्हणायचे, "इतके पैसे उघड्यावर लटकून राहिले आन आपण दार लोटून झोपतो!" एकदा वीज मंडळाचे लोक तारेला लागणाऱ्या फांद्या छाटायला आले. काका झाडाला पाठ लावून उभे. "इस डगाल का डब्लिन में क्या रेट है, मालूम है?" शिडीवरचा माणूस घामाघूम होऊन म्हणाला, "बाबूजी, रेट तो नहीं मालूम, पर करंट लगेगा तो आपको भी लगेगा।" शेवटी एकच डगाल, म्हणजे फांदी, छाटायची असं ठरलं. तिचा पाला काकांनी घरोघरी वाटला, आणि प्रत्येक घरात तो देताना असा दिला जणू तोळा-तोळा सोनं वाटताहेत. आमच्याकडे त्या पाल्याची भाजी झाली तेव्हा बायको म्हणाली, "मुकाट्याने संपवा. तुमच्या महिन्याच्या पगाराची भाजी आहे ही."

काकांना वेळकाळ कळत नाही ही मात्र खरी गोष्ट. गल्लीतल्या एका आजोबांना पोचवून आम्ही परत येत होतो. त्यांचा मुलगा सकाळपासून एक शब्द बोलला नव्हता, रडलासुद्धा नव्हता. काका त्याच्या शेजारून चालत होते. मध्येच ते त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाबू, डब्लिनमध्ये माणसाले मरणं परवडत नाही. नुसत्या पेटीचा भाव ऐकशील तं तुझे बाबा उठून बसतील." मी मनात म्हटलं, आता काका मार खातात. तो मुलगा थांबला, काकांकडे बघितलं, हसला, आणि हसता हसता त्यांच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडला. काका त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि घर येईपर्यंत त्यांनी आणखी एकही भाव सांगितला नाही. अशा माणसावर रागवायचं तरी कसं, तुम्हीच सांगा.

दर रविवारी संध्याकाळी लेकीचा फोन यायचा. काका फोन ओसरीच्या कठड्यावर उभा करून ठेवायचे आणि आवाज इतका मोठा की आठवड्याची खरेदी घेऊन बसलेल्या सगळ्या गल्लीला ऐकू जावा. लेक पडद्यावर दिसली की काका विचारत, "बेटा, तिकडे कुकर कितीले?" ती सांगायची, ओसरीवर हाय हाय व्हायची, कुकर घेणाऱ्याची छाती फुगायची. मग ती विचारायची, "आणि बाबा, चौकातला समोसा कितीला?" काका बेधडक सांगायचे, "पाच रुपये." मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा वाटलं, काकांची जीभ घसरली. समोसा पंधराचा होऊन जमाना झाला होता, आणि रोज दोन-दोन खाणाऱ्या या माणसाला ते ठाऊक नसेल? पण पुढे ई-रिक्षा झाली, दूध झालं, गुपचुप झाली (पाणीपुरीला इकडे गुपचुप म्हणतात), आणि प्रत्येक गोष्टीचा भाव काका लेक तिकडे गेली त्या वर्षीचाच सांगत होते. काकू तोंडाला पदर लावून आत निघून गेल्या.

मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी तेलीबांध्याच्या तलावावर फिरायला गेलो असताना मी विचारलं, "काका, जगाचे भाव पारखणारे तुम्ही, आणि स्वतःच्या पोरीला खोटे भाव सांगता?" काका पाण्याकडे बघायला लागले. मग म्हणाले, "भाऊ, जाताना पोट्टी म्हणाली होती, बाबा, चार पैसे जमले का परत येते, आपल्याकडे काय, थोडक्यात भागते. आता मी म्हणलं का समोसा पंधराचा झाला, दूध इतक्याचं झालं, तं ते म्हणन आणखी थोडे जमवते. आपण भाव वाढवला का तिचं येणं लांबते." एवढं बोलून त्यांनी तिथल्या भुट्टेवाल्याला भाव विचारला आणि न घेताच पुढे गेले. मला एकदम गलबलून आलं. त्यांना कळू नये म्हणून मी भुट्टा घेतला आणि तोंडात धरला.

आणि एका रविवारी लेकीने सांगितलं की ती येते आहे. तिकडची नोकरी कायमची पक्की करायची वेळ आली होती, आणि इथं नव्या रायपूरच्या एका संस्थेतही तिच्यासाठी जागा होती. दोन्हीतलं काय धरायचं ते ती घरी येऊन ठरवणार होती. काकू देवापुढे साखर ठेवायला धावल्या. काका मात्र पांढरे पडले. फोन बंद झाल्यावर माझा दंड धरून ते म्हणाले, "भाऊ, चला चौकात. भाव उतरवा लागते."

पुढचे काही दिवस आम्ही जे केलं ते शहाण्या माणसाने करू नये. काकांनी चौकातल्या प्रत्येक दुकानदाराला गाठून विनवलं, की माझी मुलगी आली की तिला जुना भाव सांगा, वरचा फरक मी देईन. समोसेवाला दयाळू माणूस, चटकन हो म्हणाला. गुपचुपवाल्याने अडचण काढली, "बाबूजी, तब दस में छह देते थे, अब बीस में छह। गिनती वही रखूँ कि छोटी बनाऊँ?" दारावर भाजी घेऊन येणाऱ्या बाईंनी गालावर हात ठेवला, "हव बाबूजी, फेर जुन्ना भाव मोला सुरता नइ हे." आठवत नाही म्हणे! मग काकांनी त्यांना ओसरीवर बसवून टमाट्यापासून कोथिंबिरीपर्यंत भाव पाठ करून घेतले. रंगीत तालीमही झाली. लेक म्हणून मला उभं केलं होतं. मी बारीक आवाज काढून "भैया, समोसा कितने का?" असं विचारलं आणि समोसेवाला सवयीने म्हणाला, "पंद्रह।" काकांनी कपाळावर हात मारला. आमची बायको हे सगळं खिडकीतून बघत होती. त्या रात्री तिने मला फक्त एवढंच विचारलं, की ऑफिसात तुम्ही हेच करता का.

लेक आली. उंच, काकांसारखंच कपाळ, आणि आल्या आल्या सामान टाकून म्हणाली, "बाबा, आधी समोसा." सगळे चौकात निघालो. ठरल्याप्रमाणे मी पुढे सटकून समोशाच्या गाडीमागे उभा राहिलो होतो, फरकाचे पैसे खिशात घेऊन. तिने विचारलं, समोसेवाल्याने छाती काढून "पाँच!" म्हटलं, काकांचा चेहरा असा फुलला की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण घात तिथेच झाला. त्याने "पाँच" जरा जास्तच जोरात म्हटलं. मागच्या माणसाने विचारलं, "पाँच का? कब से?" समोसेवाल्याने काकांकडे पाहिलं. लेकही काकांकडे बघत होती. काका घसा साफ करून म्हणाले, "हमेशा से पाँच का ही है।" झालं! त्या माणसाने दहा मागितले. त्याच्यामागच्याने वीस. कुणी घरी फोन लावला, कुणी डबा आणायला पोराला पिटाळलं. आणि एवढ्यात सिलतऱ्याच्या कुठल्याशा लोखंडाच्या कारखान्याची शिफ्ट संपून लोकांना घरी सोडणारी बस तिथून चालली होती, ती थांबली. ड्रायव्हरने मान बाहेर काढून विचारलं, "क्या बँट रहा है?" आणि भाव ऐकताच अख्खी बस खाली उतरली.

मी गाडीमागून काकांना डोळ्यांनी विचारत होतो, काय करू? काका डोळ्यांनीच सांगत होते, देत राहा. माझ्या खिशातला ऐवज केव्हाच संपला. कढई तीनदा भरली आणि तीनदा रिकामी झाली. समोसेवाल्याने माझ्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं, आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "छोड़ो भैया, बिटिया आई है।" तो शेवटच्या समोशापर्यंत पाचच म्हणत राहिला. त्या गर्दीत लेक हातातला समोसा खात शांत उभी होती. तिने कुणालाही काही विचारलं नाही. फक्त एकदा तिने काकांच्या सदऱ्याची बाही धरली आणि बराच वेळ सोडली नाही.

दोन-तीन दिवसांनी ती अंगणात काठीने मुनगा काढत होती आणि मी खाली शेंगा गोळा करत होतो. काका न्हाव्याकडे पैसे वाचवायला गेले होते. ती एकदम म्हणाली, "दादा, समोसा पंधराचा आहे ना?" मी शेंगांकडे बघायला लागलो. ती हसली. "अहो, फोनवर सगळे भाव दिसतात मला. दूध, भाजी, रिक्षा, सब कुछ. पहिल्यापासून माहीत आहे." मी म्हटलं, "मग त्यांना बोलत का नाही?" ती म्हणाली, "कशाला? तो पाच आकडा सांगताना बाबांचा आवाज ऐकलाय तुम्ही? त्यांना जिंकायला आवडतं. म्हणून मग मीही तिकडचे भाव दुप्पट करून सांगते. कुकर, कटिंग, सगळं. तो मुनगा पण." मला हसावं की रडावं कळेना. म्हणजे इतकी वर्षं आमची सबंध कॉलोनी ज्या आंतरराष्ट्रीय भावावर फुगत होती, त्यातलं एक कोटेशन पार खाली आणलेलं आणि दुसरं दुपटीवर नेलेलं! माझा तो फ्रिज आठवला. म्हणजे मी डब्लिनमध्ये मेलो नसतो, नुसता जखमी झालो असतो. मग ती काठी खाली ठेवून म्हणाली, "दादा, मी तिकडेच राहायचं ठरवलंय. इथं महाग आहे की स्वस्त आहे, त्याचा काही संबंध नाही हो. माझं काम तिथं आहे, आणि मला ते काम फार आवडतं. बाबांना कसं सांगू तेवढं सांगा."

तिने दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच सांगितलं. काकूंनी मला नंतर सगळं सांगितलं. काका पोहे खात होते. त्यांनी बशी खाली ठेवली, पाणी प्यायले, आणि एवढंच विचारलं, "विमानाचं तिकीट कितीले पडते, बेटा?" आयुष्यात पहिल्यांदा तिने तिकडची एक किंमत कमी करून सांगितली. निम्मी. काकांनी डोळे मिटून ओठांतल्या ओठांत जुळवलं आणि म्हणाले, "मंग स्वस्तच हाय. येत जाजो." आणि बशी उचलून उरलेले पोहे संपवले. काकू मला हे सांगताना रडत होत्या आणि मध्येच म्हणाल्या, "पोहे संपवले पण, भाऊ, एकही दाणा ठेवला नाही. मले तेच बघवलं नाही."

ती गेली आणि काकांनी भाव विचारणं सोडलं. तुम्हाला सांगतो, कॉलोनीवर अवकळा पसरली. कुणाकडे गादी आली, कुणाकडे सायकल, काका नुसते "चांगली हाय" म्हणायचे. चांगली आहे म्हणजे काय? कुठल्या देशापेक्षा चांगली? लोकांना वस्तू घरात न्यायचा धीर होईना. आम्ही नवा मिक्सर घेतला. मी मुद्दाम ते खोकं त्यांच्या समोरून दोनदा नेलं आणि दोनदा आणलं, शेवटी आमच्या पायरीवर ठेवून दिलं. काका बघूनही काही बोलले नाहीत. न्हावी स्वतः येऊन विचारून गेला, बाबूजी बरे आहेत ना. ज्या माणसाने माझ्या प्रत्येक खरेदीत बिब्बा घातला त्याने माझ्या मिक्सरला एक वाईट शब्द बोलावा म्हणून मी देवाला हात जोडले, इतकी माझी गत झाली होती.

मग पुढच्या रविवारी संध्याकाळी नेहमीसारखा फोन आला. ओसरीवर मी, बायको आणि काकू एवढेच होतो. लेक पडद्यावर आली, थोडं थांबली आणि तिने नेहमीसारखंच विचारलं, "बाबा, चौकातला समोसा कितीला?" काका फोनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पंधरा." ती पडद्याजवळ सरकली. काका म्हणाले, "कवाचाच झाला बेटा. दूधही वाढलं, रिक्षाही वाढली. तू गेली तवापासून सगळंच महाग झालं." काकूंनी पदर तोंडाला लावला, पण या वेळी त्या आत गेल्या नाहीत. पलीकडून ती नाक पुसत म्हणाली, "बाबा, मीही खोटं बोलत होते. तिकडचे सगळे भाव मी दुप्पट सांगायचे. तुमचा मुनगासुद्धा निम्म्यातच मिळतो इथं."

हे मात्र काकांना लागलं. त्यांनी मान वळवून अंगणातल्या झाडाकडे असं पाहिलं, जणू त्याच्या सगळ्या शेंगा एकदम गळून पडल्यात. "निम्म्यात?" असं ते दोनदा म्हणाले. मग ते फोनजवळ वाकून, अगदी हळू म्हणाले, "बरं, निम्म्यात तं निम्म्यात. इथं अजूनही फुकट हाय बेटा. तेवढ्यासाठी तरी येत जाजो." ती रडत रडत "हव बाबा" म्हणाली.

फोन बंद झाल्यावर काकांनी तो कठड्यावरून उचलून खिशात ठेवला. मग एकाएकी माझ्याकडे वळून म्हणाले, "भाऊ, चार दिवसांपासून तुमच्या पायरीवर ते खोकं पाहून राहिलो मी. कितीले पडला तो मिक्सर?" माझा जीव भांड्यात पडला. मी किंमत सांगितली आणि निकालाची वाट बघत उभा राहिलो. काकांनी डोळे मिटले, ओठ हलवले, आणि पुन्हा डोळे उघडले. "डब्लिनचं कसं सांगू आता? तिथले सारेच भाव खोटे निघाले ना. कुकर, गादी, चष्मा, कवळी, तुमचा तो फ्रिज... सगळं तिले पयल्यापासून नव्याने विचारा लागते." बोलता बोलता त्यांचा चेहरा उजळत चालला होता. "एका रविवारात नाही हून राहिलं हे, भाऊ." मी म्हटलं, "नाही व्हायचं, काका. वर्षानुवर्षं लागतील." ते खुशीत हसले आणि उद्या केस कापायला जायचं म्हणून लवकर झोपायला गेले.